जिंकलो काय, हरलो काय, काहीच वाटत नाही: पोकर खेळणाऱ्या एका नाशिककराला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू सिडकोत राहतोस, अंबडला कंपनीत आहेस, तीनेक वर्षं पोकर खेळतोयस. आधी ऑनलाइन खेळायचास, आता दोन-तीन महिन्यांतून एकदा गोव्याला जाऊन दोन रात्री बसतोस. तू लिहिलंयस: "सुरुवातीला ५ हजार गेले तरी रात्रभर झोप लागायची नाही. आता ४० हजार गेले तरी काही वाटत नाही आणि ६० हजार आले तरी काही वाटत नाही. टेबलावरचे म्हणतात, आता तू तयार झालास. बायको म्हणते, तू दगड झालास. कोण बरोबर? आणि आता नोकरी सोडायला हरकत आहे का?"

नोकरीचं शेवटी बघू. पहिल्या प्रश्नावर मला एकाचीच बाजू घ्यायला सांगितलीस तर मी वहिनींची घेईन. तू ४० हजार हरून शांतपणे पुन्हा बाय-इन करतोस, म्हणजे नवे पैसे देऊन टेबलावर बसायला चिप्स घेतोस, यात टेबलावरच्या मंडळींचा फायदा आहे. ते तुला तयार म्हणणारच. वहिनींचा त्यात काही फायदा नाही, आणि त्या तुला पत्ते हातात नसतानाही बघतात.

पोकरमध्ये मन निबर होण्याचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसतात. एकाचं लक्ष पैशावरून उठून डावावर गेलेलं असतं. दुसऱ्याचं दोन्हीवरून उठलेलं असतं. दोघांचेही चेहरे शांत, दोघंही हरल्यावर "चालायचंच" म्हणतात. ओळखायचं कसं? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी गोव्याहून परतल्यावर एवढंच विचारतो, "परवाचा एखादा डाव सांग." पहिल्या प्रकारचा लगेच सुरू होतो: समोरचा बटनवर (शेवटी बोलणाऱ्याच्या जागेवर) होता, फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) त्याने अर्धा पॉट (मध्ये जमलेल्या पैशांच्या निम्मे) लावला, टर्नला (चौथ्या पत्त्याला) चिप्स हातात घेऊन परत ठेवल्या. सांगता सांगता स्वतःच्या एखाद्या कॉलवर (समोरच्याने लावले तेवढे पैसे टाकून डावात राहण्यावर) चिडतो, कधीकधी जिंकलेल्या डावातल्या कॉलवरसुद्धा. दुसऱ्या प्रकारचा म्हणतो, "एक्के होते, क्रॅक झाले, म्हणजे हरले. रात्री दोननंतरचं फारसं आठवत नाही." तू मला लिहिलेल्या एवढ्या मोठ्या मजकुरात चार वेळा रक्कम आहे, डाव एकही नाही. म्हणून मी जरा सावध झालो.

आता हे का होतं, ते बघ. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात कामाला लागायच्या. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की पेशी दिव्यावर कामाला लागायच्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर ढिम्म राहायच्या. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावायचं. म्हणजे अपेक्षेप्रमाणे मिळालं तर मेंदूच्या लेखी ती बातमीच नसते, हुकलं तर असते. दुसरीकडे डॅनियल कानेमान आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट: तेवढ्याच रकमेचा तोटा नफ्यापेक्षा जास्त लागतो. पुढे त्यांनी काढलेला अंदाज दुपटीच्या आसपासचा होता.

या दोन गोष्टी जोडल्यास तर खेळाडूचा नेहमीचा प्रवास कळतो. आनंद आधी जातो, दुःख मागे राहतं. बरीच वर्षं खेळलेली माणसं जिंकल्यावर "हं, ठीक" म्हणतात आणि हरल्यावर मात्र ट्रॅव्हल्समध्ये कोल्हापूर येईपर्यंत बोलत नाहीत. ते त्रासदायक आहे, पण समजण्यासारखं आहे. तुझं तसं नाही. तुझं दोन्ही एकदम गेलं, आणि मधल्या काळात रक्कम आठपट झाली. ५ हजारांचं दुःख तू खेळ समजून पचवलंस, की ते बोचेनासं झाल्यावर १० वर गेलास, मग २०, मग ४०? दुसरं असेल तर त्याला खेळात तयार होणं म्हणत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत जुगाराचा विकार व्यसनांच्या प्रकरणात घातला गेला. त्यात नऊ लक्षणं आहेत, वर्षभरात त्यातली चार दिसली तर निदान होतं, आणि अगदी पहिलं लक्षण हेच आहे: पूर्वीइतकी उत्तेजना मिळवायला रक्कम वाढवावी लागणे. तुला विकार आहे असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण ते नऊ मुद्दे एकदा शांतपणे वाच.

"पण भावना नसणं पोकरला चांगलंच ना?" असं तू विचारशील. सगळे विचारतात. याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे, आणि मजा म्हणजे दोन्ही अर्धी अमेरिकेतल्या आयोवाच्या एकाच संशोधक गटाशी जोडलेली आहेत.

१९९४ साली अँटोइन बेकारा, अँटोनियो दामासिओ आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत प्रत्येक पत्त्याला घसघशीत पैसे मिळतात, पण मधूनच एवढा मोठा दंड बसतो की शेवटी नुकसानच. उरलेल्या दोनांत मिळकत कमी, दंडही छोटा, आणि शेवटी फायदा. धडधाकट माणसं काही वेळ चाचपडतात आणि चांगल्या गड्ड्यांकडे वळतात. मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला इजा झालेले रुग्ण, ज्यांची बुद्धी शाबूत पण अशा वेळी आतून येणारी जाणीव गेलेली, ते वाईट गड्ड्यांमधूनच ओढत राहिले. पुढे त्यांनी तळहाताचा घामही मोजला. धडधाकट माणसाचा हात वाईट गड्डीकडे जाताना त्याला घाम फुटायचा, तेही का ते त्याला सांगता येण्याच्या आधी. रुग्णांना फुटायचा नाही.

२००५ साली याच मंडळींपैकी काहींनी बाबा शिव आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांच्याबरोबर दुसरा खेळ लावला. नाणं उडवायचं, प्रत्येक वेळी एक डॉलर लावायचा की नाही ते ठरवायचं. एक बाजू पडली तर अडीच डॉलर, दुसरी पडली तर डॉलर गेला. एकूण २० फेऱ्या. दर वेळी लावणं हेच हिताचं आहे, हे हिशेबाने कुणालाही कळेल. पण धडधाकट माणसं हरली की घाबरून हात आखडता घ्यायची. भावनेशी संबंधित भागांना इजा झालेले रुग्ण बिनधास्त लावत राहिले आणि त्यांनी जास्त कमावलं.

या प्रयोगांवर, विशेषतः पहिल्यावर, नंतर भरपूर वादही झाले. तरी पोकरवाल्याने ते शेजारी शेजारी ठेवून बघावेत. शक्यता उघड असतील आणि आपल्या बाजूने असतील तर न घाबरणारा जिंकतो. शक्यता अनुभवातून शोधायच्या असतील तर न घाबरणारा बुडतो. आणि होल्डेममध्ये, म्हणजे आपण खेळतो त्या पोकरच्या प्रकारात, दोन्ही खेळ एकाच टेबलावर चालतात. एक्क्यांची जोडी घेऊन राजांच्या जोडीसमोर फ्लॉपआधी ऑल-इन झालास (सगळ्या चिप्स लावल्यास), तर तू साधारण ८२ टक्के पुढे आहेस. तिथे हात थरथरायचं कारण नाही. पण टेबलावरचे दोन ढिले खेळाडू उठून गेले, त्यांच्या जागी दोन मुरलेले येऊन बसले, पहाटेचे तीन वाजलेत, तू गेल्या तासाभरात जरा जास्तच कॉल करतोयस, ही सगळी गड्डी आता वाईट झाली आहे हे कुठल्याही कोष्टकात लिहिलेलं नसतं. ते आधी पोटात कळतं. ज्याला पोटात काहीच कळत नाही तो सकाळी सहापर्यंत बसतो. गोव्यातल्या कॅसिनोच्या बोटीवर अशी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, आणि त्यांतले बरेच स्वतःला स्थितप्रज्ञ म्हणवतात.

म्हणून भावना मारायची नाही, तिची जागा हलवायची. रकमेवरून काढून निर्णयावर न्यायची. हे बोलायला सोपं आहे, पण मन ऐकत नाही, कारण मनाला आकडेमोड माहीत नसते. तेव्हा आकडेच बघू.

बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांतली मोठी, आणि रेक म्हणजे कॅसिनो पॉटमधून कापतो तो हिस्सा. नो-लिमिट (लावायच्या रकमेला मर्यादा नसलेल्या) होल्डेममध्ये शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड, रेक वजा जाता, ही चांगली कमाई मानतात. त्याच शंभर डावांत निकालाचा चढउतार, म्हणजे ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तो ९० ब्लाइंडच्या आसपास धर. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० डाव होतात. आठ तास बसलास तर २२० च्या घरात. म्हणजे त्या रात्रीची तुझी अपेक्षित कमाई ११ ब्लाइंड आणि चढउतार सुमारे १३३ ब्लाइंड. १००-२०० च्या, म्हणजे २०० रुपयांचा बिग ब्लाइंड असलेल्या टेबलावर रुपयांत सांगायचं तर कौशल्याचे २,२०० आणि नशिबाची झुलती रक्कम २६,६००, ती कुठल्याही बाजूला. त्या रात्री तू ४० हजार हरलास किंवा ६० हजार जिंकलास, यातून तू कसा खेळलास हे जवळपास काहीच कळत नाही.

बरं, महिनाभराने कळेल? १० हजार डाव घे. अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड, चढउतार ९००. एवढे डाव खेळूनही चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के, म्हणजे दहांतल्या तिघांच्या आसपास. आणि १० हजार डाव म्हणजे आठ-आठ तासांच्या ४५ रात्री. तू ज्या वेगाने गोव्याला जातोस त्या वेगाने चार ते साडेपाच वर्षं. एक लाख डाव झाले तर तोट्यात असण्याची शक्यता चार टक्क्यांवर येते, पण तेवढे डाव तुझे होईपर्यंत नातवंडं पत्ते पिसायला लागतील. ऑनलाइनच्या काळात चार टेबलं उघडून बसणारा हे चार-सहा महिन्यांत उरकायचा. समोरासमोर खेळणाऱ्याला तो मार्ग नाही. त्याला निकालाकडून शिकायचंच असेल तर जन्म पुरत नाही.

आणखी एक हिशेब, तो मला जास्त आवडतो. रिव्हर, म्हणजे टेबलावरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता, पडली. पॉटमध्ये १२ हजार आहेत. समोरच्याने ६ हजार लावले. तुझ्याकडे मधली जोडी, त्याच्याकडे एक तर मोठं काहीतरी, नाही तर कलर हुकलेला ब्लफ. तुला १८ हजार जिंकायला ६ हजार टाकायचेत, म्हणजे चारांत एकदा बरोबर आलास तरी फिटंफाट. समज तुझा अंदाज आहे की तो दहांत तीनदा ब्लफ करतो. कॉल कर. दहांत सात वेळा तू हरशील, समोरचा पत्ते उलटवून हसेल, शेजारचा "अरे हे काय कॉल करण्यासारखं होतं का" म्हणेल, आणि तरी प्रत्येक कॉलमागे सरासरी १,२०० रुपये तुझे होत असतील. तीनदा मिळणारे १८ हजार, सातदा जाणारे ६ हजार, कागदावर मांडून बघ. बरोबर निर्णयही बहुतेक वेळा हरतो, असे प्रसंग या खेळात रोज येतात. सातदा हरून मनाला वाईट वाटत असेल तर तू हळूहळू हा कॉल सोडून देशील. आणि काहीच वाटत नसेल, तर समोरचा दहांत तीनदा नाही, एकदाच ब्लफ करतोय हे तुझ्या लक्षात येणार नाही. दोन्हीकडे पैसे जातात.

आपल्या जिल्ह्यात हे खरं तर कुणाला शिकवावं लागू नये. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला की निफाड-येवल्याकडचा शेतकरी ठरवतो, किती आत्ता विकायचा आणि किती चाळीत ठेवायचा. सड किती होईल, वजन किती घटेल, श्रावणानंतर भाव काय निघेल, सगळा अंदाज. २०२३ साली ज्यांनी ठेवला त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि लासलगावसकट जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. त्यावरून एप्रिलमधला निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही. पण त्या माणसाला काही वाटलं नाही असंही नाही. त्याला चांगलंच लागलं, तो रस्त्यावर आला, आणि पुढच्या हंगामात चाळीत माल ठेवताना सरकार मध्ये पडण्याची शक्यताही त्याने धरली. लागणं आणि डोकं चालणं एकत्र होऊ शकतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माझा भर एका वहीवर आहे. मोबाइलवरची ॲप्स चालतात, पण ती आधी नफा-तोट्याचा आलेख दाखवतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. वहीत रात्रीचे तीन-चार अवघड डाव लिहायचे: कोण कुठे बसला होता, कुणाकडे किती स्टॅक, कुणी किती लावलं, तू काय विचार केलास. आणि शेवटच्या निर्णयापाशी थांबायचं. निकाल लिहायचा नाही. समोर "खात्री किती" असा एक रकाना ठेव, त्यात साठ टक्के, ऐंशी टक्के असं काहीतरी टाक. मग तो डाव अशा माणसाला दाखव जो तिथे नव्हता.

आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी मिसळीला भेटतो आणि हेच करतो. पैसे नाहीत, पत्तेही नाहीत, नुसत्या वह्या. एकच नियम: डावाचा निकाल जो बोलून जाईल त्याने सगळ्यांच्या मिसळीचं बिल द्यायचं. नवीन माणूस पहिल्या दहा मिनिटांत बिल देतो. "मी फोल्ड केलं असतं रे" असं कुणी म्हटलं की त्याच्या तोंडून निघतंच, "पण नंतर दहिल्यानेच मी जिंकलो ना!" महिना-दोन महिन्यांत तो जिभेवर ताबा मिळवतो. पुढे एक गंमत दिसते: चर्चेत चुकीचा ठरलेला डाव प्रत्यक्षात जिंकलेला असला तरी त्याचा चेहरा पडतो. भावना हलली म्हणजे काय, ते तेव्हा समजतं. ती मेलेली नसते, फक्त योग्य गोष्टीवर रुसते.

बाकीचं पटापट सांगतो. पैसा वेगळा काढून ठेव, आणि त्याच्या तीसाव्या भागापेक्षा मोठा बाय-इन करू नकोस. त्या हिशेबाने १००-२०० च्या टेबलाला ६ लाख बाजूला पडलेले हवेत. नाहीत ना? मग ते तुझं टेबल नाही, मन कितीही शांत असो. टूर्नामेंट खेळत असशील तर शंभर बाय-इनही कमीच पडतात. तीन बाय-इन गेले की उठायचं, हा नियम मी पाळायला लावतो. गणिताने त्याला आधार नाही, पुढचा डाव मागचं काही जाणत नाही. पण तीन बाय-इन गेल्यावर खेळणारा माणूस तोच राहत नाही, म्हणून उठायचं. याउलट "एवढे जिंकले की उठायचं" हा नियम मला कधीच पटलेला नाही. टेबल चांगलं आहे, झोप झालेली आहे, तर बस की. ध्यान आणि प्राणायामाने फरक पडतो का, असं बरेच जण विचारतात. पडतो. झोपेने त्याहून जास्त पडतो. आणि बोटीवरची दारू पॅकेजमध्ये असते म्हणून ती फुकट समजू नकोस, टेबलावरचं सगळ्यात महाग पेय तेच.

अंगाकडे लक्ष ठेव. कान गरम होतात का, पत्ते बघायच्या आधीच किती रेज करायचं (रक्कम वाढवायची) ते ठरलेलं असतं का, समोरचा विचार करत असताना तुझी नजर फोनवर असते का. तुझ्यासारख्या "काही वाटत नाही" म्हणणाऱ्यांमध्ये शेवटची खूण फार दिसते. तिला मी रागापेक्षाही वाईट मानतो. राग आलेला माणूस निदान उठून बाहेर जाऊन येतो.

आता वहिनींचा मुद्दा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टेबलावर ब्लाइंडमध्ये विचार करावाच लागतो. "हा एक चिप म्हणजे आपला एक दिवसाचा पगार" असं डोक्यात आलं की बरोबर कॉलही होत नाही. कॅसिनो नोटांच्या जागी चिप्स देतो त्यात त्याची सोय आहे, आणि थोडी खेळाडूचीही. पण टेबलावर ब्लाइंड आणि घरी रुपये, ही अदलाबदल परत आल्यावर झाली पाहिजे. ती व्हायची थांबली की माणूस बोनस मिळाल्याचं ऐकून "किती, दोन बाय-इन?" असा हिशेब करायला लागतो, आणि मुलाची फी भरताना कुरकुर करतो. गोव्याहून आलास की ट्रॅव्हल्समध्येच कागदावर लिही: गेले किंवा आले ते किती दिवसांच्या पगाराइतके, किती हप्त्यांइतके. मग तो कागद वहिनींना दाखव. दाखवायची इच्छा होत नसेल तर तुला काहीच वाटत नाही हे खरं नाही. वाटतंय, तू फक्त ते झाकून ठेवलंयस.

आणि त्यांना नीट विचार, "दगड" म्हणजे पत्त्यांबद्दल की सगळ्याबद्दल? जेवणाची चव, पोराचं बोलणं, मित्रांबरोबर बसणं, यातही रस राहिला नसेल तर हा पोकरचा प्रश्नच नाही. उदासपणाचा आजार असाही येतो, रडारड न करता. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ वर फोन लावायचा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं, घरी रक्कम कमी सांगणं, उसने घेणं, यातलं काही होत असेल तरी हाच नंबर.

तू कुठल्या प्रकारात बसतोस हे ठरवायला एक कसोटी देतो. पुढच्या दोन खेपा सगळ्यात लहान टेबलावर बस, तुझ्या आत्ताच्या टेबलाच्या पाव रकमेच्या. वही बरोबर ने. तिथेही समोरचा काय करतोय हे शोधायला मजा आली तर खेळ तुझ्यात आहे. तासाभरात कंटाळा येऊन नजर मोठ्या टेबलाकडे वळायला लागली, तर तुला पत्त्यांचं वेड नाही, धडधडीचं आहे, आणि ती धडधड तू ४० हजारांवर संपवून टाकली आहेस. मग तीन महिने पूर्ण बंद.

बंद म्हणजे बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे आणि नशिबाचे असा फरक न करता. त्यानंतर परदेशी साइट आणि टेलिग्रामवरचे एजंट सुळसुळले आहेत. तिथे पैसे अडकले तर तक्रार करायला तोंड राहत नाही. गंगापूर रोडच्या पुढे फार्महाऊसवर चालणाऱ्या खेळांचंही तेच: महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि छापा पडला की जागेवर असणारे सगळेच त्यात येतात.

राहिली नोकरी. कौशल्य, मन, सगळं क्षणभर बाजूला ठेव आणि आयकर बघ. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार-उपकर. खर्च वजा होत नाही आणि हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वळती करता येत नाही. समज वर्षभरात जिंकलेल्या रात्रींचे मिळून ५ लाख आले आणि हरलेल्या रात्रींचे ४ लाख गेले. तुझ्या हातात १ लाख आहेत, तू खरोखर चांगला खेळलायस. कायद्याच्या सरळ अर्थाने कर ५ लाखांवर, म्हणजे दीड लाख आणि वर उपकर. चांगलं खेळून तू पन्नास हजारांहून जास्त तोट्यात. प्रवास, राहणं आणि बोटीचं तिकीट यात धरलेलंच नाही. हा हिशेब घेऊन आधी एखाद्या सीएकडे जाऊन ये, तुझे खरे आकडे त्याच्यासमोर ठेव, वहिनींनाही बरोबर ने. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.